धर्मशाळेचे दार आणि सायकलवरील अतिथी

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या भाषणाचा मजकूर)



ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीत मंदिर, पाठशाळा, भोजनशाळा आणि धर्मशाळा ही चार अंगे वाढली. पहिल्या तिन्हींविषयी समाजात पुष्कळ बोलले जाते. धर्मशाळेविषयी मात्र बोलणे निघते ते बहुधा खोल्या कमी पडल्या किंवा नळ गळू लागला म्हणजे. म्हणून आजचा विषय धर्मशाळेचा, आणि तोही एका विशिष्ट प्रवाशाच्या संदर्भात. हा प्रवासी म्हणजे सायकलवरून लांबचा प्रवास करणारा यात्रिक. संध्याकाळी त्याला परवडेल असे छप्पर कोठे मिळते, आणि त्यात जैन धर्मशाळांचे कर्तव्य काय, एवढाच हा विचार आहे.

प्रथम शास्त्राधार पाहणे उचित ठरेल. आचार्य समंतभद्रांनी रत्नकरंडक श्रावकाचारात वैयावृत्त्याचे चार प्रकार सांगितले: आहार, औषध, उपकरण आणि आवास. निवारा हा दानाचा स्वतंत्र प्रकार मानला गेला, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. श्वेतांबर परंपरेत स्थानांग सूत्राने नऊ पुण्ये गणली. त्यांत अन्न, पाणी व वस्त्र यांच्याबरोबर लयनपुण्य म्हणजे जागा देणे आणि शयनपुण्य म्हणजे अंथरूण देणे, अशी दोन पुण्ये वेगवेगळी नोंदवली आहेत. जागा दिली आणि अंथरूण दिले नाही, तर काम अर्धेच झाले, असा त्याचा व्यवहारी अर्थ घेता येईल. श्रावकाच्या बारा व्रतांतील शेवटचे व्रत अतिथिसंविभाग. ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो अतिथी. या व्रतातील मुख्य पात्र मुनी होत, हे खरेच. तथापि अनुकंपादानाला जात, पंथ वा धर्म यांची मर्यादा शास्त्राने घातलेली नाही.

वाटसरूची सोय करणे हा या भूमीचा फार जुना धर्म आहे. सम्राट अशोकाच्या सातव्या स्तंभलेखात रस्त्याकडेला वटवृक्ष लावल्याचा, विहिरी खोदल्याचा आणि विश्रामस्थाने उभारल्याचा उल्लेख येतो. अहिल्याबाई होळकरांनी आपल्या राज्याच्या सीमा ओलांडून देशभर घाट, विहिरी आणि धर्मशाळा बांधल्या. १८६७ साली इंग्रज सरकारने सरायांची नोंदणी व स्वच्छता यांसाठी स्वतंत्र कायदा केला, यावरून त्या काळी सरायांचे महत्त्व किती होते ते कळते. विसाव्या शतकात गाडगे महाराजांनी लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभ्या केल्या. पण स्वतःसाठी घर बांधले नाही. जैन समाजापुरते बोलायचे तर मुंबईच्या सी. पी. टँकवरील हिराबाग धर्मशाळेचे आणि दानवीर शेठ माणिकचंद हिराचंद यांचे स्मरण पुरेसे आहे. शिक्षणासाठी शहरात आलेल्या मुलाला राहायला जागा नसेल तर त्याचे शिक्षण होणार नाही, हे ओळखून त्यांनी ठिकठिकाणी बोर्डिंगे काढली. निवारा मिळाला की माणूस पुढचा रस्ता स्वतः काढतो, हे त्या पिढीला नेमके समजले होते.

आता सायकलवरील प्रवाशाकडे वळू. या प्रवासाची परंपरा भारतात शंभर वर्षांची आहे. १९२३ साली मुंबईहून काही पारशी तरुण सायकलींवर जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ४४,००० मैलांचा प्रवास करून १९२८ मध्ये परतले. १९८५-८६ मध्ये बाबा आमटे यांच्या भारत जोडो अभियानात तरुण-तरुणी कन्याकुमारीहून काश्मीरकडे सायकलींवर गेले. आज आषाढीला नाशिकसारख्या शहरांतून पंढरपूरला सायकलवारी जाते. नोकरदार, शिक्षक, निवृत्त गृहस्थ, महाविद्यालयीन मुली असे नाना प्रकारचे लोक चार-आठ दिवसांच्या सायकलयात्रेला निघतात. काही परदेशी प्रवासी तर महिनोन् महिने भारतात सायकलवर फिरतात.

या प्रवाशाची अडचण मोटारीतून फिरणाऱ्याला सहसा समजत नाही. सामान लादलेल्या सायकलवर सपाटीच्या रस्त्याने दिवसाला ८० ते १०० किलोमीटर अंतर होते. मध्ये घाट आला, समोरून वारा सुटला किंवा चाक पंक्चर झाले की तेच ५० वर येते. त्यामुळे आज मुक्काम कोणत्या गावी पडेल हे सकाळी निश्चित सांगता येत नाही, आणि आगाऊ आरक्षण करणे अवघड होते. मोटारीतील माणूस एका गावी जागा मिळाली नाही तर आणखी ४० किलोमीटर पुढे जातो; त्याला पाऊण तास लागतो. सायकलस्वाराला तेवढ्याच अंतराला तीन तास लागतात आणि ते अंधारात, मालमोटारींच्या शेजारून कापावे लागतात. प्रवास महिनाभराचा असला म्हणजे रोज हॉटेलचे भाडे देणे मध्यमवर्गीयाच्या आवाक्याबाहेर जाते. शासकीय विश्रामगृह मिळते, पण त्यासाठी आधी परवानगी लागते. मग उरतो तो धाब्यावरील बाजेचा, शाळेच्या पडवीचा किंवा देवळाच्या ओवरीचा आसरा.

त्याच्या गरजा मात्र अगदी थोड्या असतात. पाठ टेकायला गादी किंवा सतरंजी, अंघोळीला एक बादली पाणी, कपडे वाळत घालायला दोरी, मोबाइल व दिवा चार्ज करायला एक सॉकेट आणि सायकल ठेवायला तळमजल्यावर कुलूपबंद जागा. ही शेवटची गरज फार महत्त्वाची, कारण सायकल गेली की यात्रा संपली. शिवाय तो पहाटे उजाडताच निघून जातो. वातानुकूलित खोली त्याला नको असते.

अशा प्रवाशांसाठी जगाने काय व्यवस्था केल्या, हे पाहणे उद्बोधक आहे. रिचर्ड शिरमान हे जर्मनीतील एक शाळामास्तर. १९०९ मध्ये विद्यार्थ्यांना घेऊन पदयात्रेला निघाले असता ते वादळात सापडले आणि त्या रात्री सर्वांना एका शाळेत आसरा मिळाला. सुट्टीत गावोगावच्या शाळा रिकाम्याच असतात, मग त्या प्रवासी मुलांना का देऊ नयेत, या विचारातून युवा वसतिगृहांची चळवळ उभी राहिली आणि १९१२ मध्ये आल्टेना येथील किल्ल्यात पहिले कायम वसतिगृह सुरू झाले. स्पेनमधील सांतियागोच्या ख्रिस्ती यात्रामार्गावर यात्रेकरूंसाठी स्वस्त निवारे आहेत. तेथील सार्वजनिक निवाऱ्यांत पायी येणाऱ्याला प्रथम जागा देतात, सायकलस्वाराला नंतर. आणि आजारपण वगळता मुक्काम एकाच रात्रीचा. १९९३ पासून चालत आलेल्या ‘वॉर्मशॉवर्स’ या व्यवस्थेत तर सायकलप्रेमी गृहस्थच परक्या सायकलस्वाराला रात्रीपुरते आपल्या घरी विनामूल्य उतरवून घेतात. आपल्या देशात शिखांचे गुरुद्वारे धर्म न विचारता लंगर आणि सराय खुली ठेवतात. भारतभर सायकलवर फिरणाऱ्यांचा तो मोठा आधार आहे.

या संदर्भात एका जैन कुळात जन्मलेल्या यात्रिकाची आठवण अप्रस्तुत ठरणार नाही. सतीशकुमार हे राजस्थानातील. नवव्या वर्षी त्यांनी तेरापंथात दीक्षा घेतली, पुढे साधुजीवन सोडून ते विनोबांच्या भूदान कार्यात आले. १९६२ मध्ये ई. पी. मेनन यांच्यासह अण्वस्त्रांच्या विरोधात ते दिल्लीहून मॉस्को, पॅरिस, लंडन आणि वॉशिंग्टनकडे पायी निघाले. जवळ पैसा ठेवू नका आणि शाकाहार सोडू नका, असा विनोबांचा सल्ला होता. पैसा नाही म्हणून दररोज कोणाच्या तरी दारात उभे राहावे लागणार, आणि दारात उभे राहिले की माणसाशी बोलणे होणार, हे त्यामागील मर्म. पाकिस्तान, अफगाणिस्तान, इराण, रशिया अशा देशांतील परधर्मीय माणसांनी या दोन शाकाहारी भारतीयांना आपल्या घरांत ठेवून घेतले. जैन संस्कारांत वाढलेल्या एका माणसाने जगाकडून हे आतिथ्य घेतले आहे. खतावणीच्या भाषेत सांगायचे तर ती रक्कम समाजाच्या नावे पडली आहे. ती फेडण्याची संधी आपल्या धर्मशाळांच्या दाराशी येऊन उभी असते.

परंतु वस्तुस्थिती काय दिसते? अनेक धर्मशाळांत ‘एकट्या व्यक्तीस खोली मिळणार नाही’ अशी पाटी असते. जुने सामुदायिक हॉल मोडून तेथे जोडस्नानगृहाच्या खोल्या झाल्या. इमारतीचे नाव ‘यात्री निवास’ झाले आणि लग्नसराईत ती लग्नालाच जाऊ लागली. व्यवस्थापकांनाही सर्वस्वी दोष देता येणार नाही. एकट्या माणसाने खोलीत जिवाचे बरेवाईट करून घेतले तर काय, या भीतीतून तो नियम आला. लिफ्ट, सुरक्षारक्षक, सफाई यांचा खर्च वाढला. तथापि भीतीवर उपाय शोधणे वेगळे आणि भीतीपोटी दार लावून घेणे वेगळे. अंधार पडताना एकट्या प्रवाशाला महामार्गावर परत पाठवणे, हे त्याचा जीव धोक्यात घालणे आहे. अभयदानाला सर्वश्रेष्ठ दान मानणाऱ्या समाजाला ते शोभणारे नाही.

तीर्थक्षेत्रांची मांडणी या कामाला अनुकूल आहे. नाशिकजवळ गजपंथा, बागलाणात मांगीतुंगी, कोल्हापूर जिल्ह्यात कुंभोजचे बाहुबली, वाशीम जिल्ह्यात शिरपूर, मेळघाटाच्या बाजूला मुक्तागिरी. कचनेर आणि कुंथलगिरी ही क्षेत्रे छत्रपती संभाजीनगरहून सोलापूरकडे जाणाऱ्याच्या वाटेपासून फार दूर नाहीत. ही स्थाने पायी यात्रेच्या काळात रुजली. पायी चालणाऱ्याला जवळ वाटणारे अंतर सायकलस्वाराला तर सहज साधते. यात्रेचे दिवस, पर्युषण आणि सुट्ट्या वगळता येथील कित्येक खोल्या रिकाम्या असतात. दुकानातील माल आज खपला नाही तर उद्या खपतो. धर्मशाळेची रिकामी गेलेली रात्र मात्र दुसऱ्या दिवशी कोणत्याच वहीत जमा होत नाही.

आता आक्षेपांचा विचार. पहिला आक्षेप आचारधर्माचा. नियम सैल करण्याचे काहीच कारण नाही. मांसाहार, मद्य, धूम्रपान वर्ज्य. आवारात रात्रिभोजन नाही. भोजनशाळा सूर्यास्तापूर्वी बंद. हे नियम मराठी, हिंदी व इंग्रजीत दारातच लावावेत. प्रवाशाने दुपारी दूरध्वनी केल्यास त्याला वेळेची कल्पना देता येईल. नियम आधी कळले तर बहुतेक माणसे ते आनंदाने पाळतात. चोवीहार म्हणजे काय हे त्यांना तेवढ्यानेच कळते.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. ओळखपत्र पाहून नोंदवहीत नाव, मूळ गाव, पुढचा मुक्काम आणि घरच्या व्यक्तीचा दूरध्वनी लिहून घ्यावा. आधारचे पहिले आठ अंक झाकलेली प्रतही ओळखीला चालते. एकट्या पुरुषाला बंद खोलीऐवजी सामुदायिक हॉलमध्ये जागा दिली की मूळ भीतीच उरत नाही. स्त्री-प्रवाशांसाठी आतून कडी असलेली वेगळी खोली राखावी. परदेशी प्रवासी असल्यास पूर्वापार ‘सी फॉर्म’ म्हणून ओळखली जाणारी माहिती चोवीस तासांत ऑनलाइन भरणे कायद्याने बंधनकारक आहे. हे दहा-पंधरा मिनिटांचे काम कार्यालयातील एका मुलाला शिकवावे. त्या कटकटीसाठी अतिथीला परत पाठवू नये.

तिसरा आक्षेप खर्चाचा. नाममात्र शुल्क अवश्य घ्यावे. फुकट दिलेल्या वस्तूची कदर राहत नाही. नोंदणीकृत धर्मादाय ट्रस्टने धार्मिक स्थळाच्या आवारात दिलेल्या, दिवसाला १,००० रुपयांहून कमी भाड्याच्या खोल्यांना जीएसटीमधून सूट आहे, आणि २०२२ मध्ये सरायांविषयी संभ्रम झाला तेव्हा केंद्र सरकारने त्याचा खुलासाही केला. म्हणजे स्वस्त जागा देण्याला कायदाही साहाय्य करतो.

चौथा आक्षेप, यात्रेकरूंची गैरसोय होईल हा. त्याला उत्तर सांतियागोच्या वाटेवरील नियमाचे. यात्रेकरू प्रथम, सायकलस्वार नंतर, आणि मुक्काम एकच रात्र. महामार्गांलगतची विहारधामे साधू-साध्वींसाठीच राखीव राहावीत; त्यांना हात लावण्याचे कारण नाही. धर्मशाळेचा एक हॉल, दहा गाद्या, जिन्याखाली सायकलींसाठी साखळीची सोय, एक हवा भरण्याचा पंप आणि कपडे वाळवण्याच्या दोऱ्या, एवढी सामग्री पुरेशी आहे. सुवर्णमहोत्सवाच्या खर्चात हा आकडा ठळक दिसणारही नाही.

सायकल हे वाहन इंधन जाळत नाही, धूर सोडत नाही. तिच्या चाकाखाली सूक्ष्म जीव येतच नाहीत असे नव्हे. ईर्यासमिती पाळून पायी विहार करणाऱ्या साधूची बरोबरी तिला करता येणार नाही. परंतु गृहस्थाच्या वाहनांत अल्प आरंभाचे वाहन तेच. दिवसभर स्वतःच्या श्रमाने आलेला, थोडक्या सामानात भागवणारा हा प्रवासी जैनेतर असला तरी अपरिग्रहाच्या पायवाटेवर तो काही अंतर चाललेला असतो.

ज्या दानशूरांनी पन्नास वर्षांपूर्वी जागा दिली आणि एकेक विटेचे पैसे जमवले, त्यांनी या वास्तूला ‘धर्मशाळा’ असे नाव दिले. अनोळखी माणूस दिवेलागणीला दाराशी येऊन ‘रात्रीपुरती जागा मिळेल का?’ असे विचारतो, तेव्हा त्या नावाची परीक्षा असते. विश्वस्त मंडळाने येत्या वार्षिक सभेत या विषयाचा ठराव मांडावा, त्यावर मोकळी चर्चा घडावी आणि पुढील पन्नास वर्षांच्या नोंदवहीत पहिले पान एखाद्या सायकलस्वाराच्या नावाचे असावे, एवढी विनंती करून हे निवेदन पूर्ण करणे योग्य होईल.

जय जिनेंद्र.