बार्बियानाची शाळा



सातवीत नापास झालो आणि आमची शाळा सुटली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत झाले. म्हणून इटलीतल्या बार्बियाना या डोंगरवस्तीतील शाळा आम्हांला जवळची वाटते.

लोरेंझो मिलानी हे कॅथॉलिक धर्मगुरू १९५४ साली तेथे आले. त्यापूर्वी कालेंझानो गावी मजुरांच्या रात्रशाळेत त्यांनी भिंतीवरचा क्रूस उतरविला होता. शाळेचे दार कोणालाही परके वाटू नये, अशी त्यांची श्रद्धा होती.

बार्बियानात त्यांनी शेतकऱ्यांची नापास मुले जमविली. हवा बरी असली की टेबले बाहेर मांडवाखाली येत. थोरली मुले धाकट्यांना शिकवीत, वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई, आणि एकाला समजले नाही तर सारे थांबत.

१९६७ साली तेथील आठ मुलांनी मिळून एका शिक्षिकेस उद्देशून पुस्तक लिहिले. शाळा गरिबांचीच पोरे का गाळते, हा जाब त्यांनी त्यात विचारला.

कामावरून काढलेल्या माणसासाठी आम्ही फाटकावर बसतो. शाळेतून गळालेल्या पोरासाठी आम्ही आजवर बसलो नाही. कचेरीचा ओटा संध्याकाळी मोकळाच असतो. या जूनपासून तेथे वर्ग भरवू या.