जागलीवरचा हात



ज्वारी हुरड्यावर आली की आपण जागलीला जातो. एक डुलकी लागते आणि तेवढ्यात रोह्यांचा कळप वावर तुडवून जातो. मनात येते, मारून टाकावा. असे मनात येणे पाप नाही. पण मारायचे कसे, हा प्रश्न उरतोच.

आपलाच रोही अमेरिकेत टेक्सासमध्येही आहे. तिथे किंग रँच म्हणून सव्वाआठ लाख एकरांचे गुराढोरांचे रान आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथे रोही नेऊन सोडले. आज ते हजारोंनी आहेत. तिथे तो परका प्राणी, म्हणून शिकारीला हंगामाचे बंधन नाही. परवाना आणि जमीनमालकाची संमती पुरते. शिकारी मालकाला पैसे मोजतो, मांस घरी नेतो. आपल्याकडे १९७२ च्या कायद्याने पीक गेले ते आपले, मारलेले जनावर मात्र सरकारचे!

पण पैसे मोजले म्हणजे नीती आली, असे नाही. रोह्याचे कातडे जाड असते. नेम चुकला तर तो जखमी होऊन लांब पळतो. म्हणून भला शिकारी खात्री नसेल तर गोळी झाडत नाही आणि जखमी जनावर शोधल्याशिवाय परतत नाही.

आता आपल्याकडे पाहू. कुंपणाच्या तारेत लाइनची वीज सोडली की ती रोही ओळखत नाही, बैल ओळखत नाही, पहाटे पाणी द्यायला निघालेला आपला पोरगाही ओळखत नाही. विष घातले की जनावर तडफडून मरते. ही राखण नव्हे.

कायद्याच्या कलम ११ प्रमाणे उभ्या पिकाला धोका असेल तर रोही आणि रानडुक्कर मारण्याची लेखी परवानगी देता येते. काळविटाला ते लागू नाही. २०१६ साली बिहारात मोकामा भागात बाहेरचे नेमबाज आणून दोनशेवर रोही मारले. दिल्लीत मंत्र्यामंत्र्यांत वाद रंगला. शेतकऱ्याची जागल काही सुटली नाही.

परवानगी वेळेवर मिळत नाही तेव्हाच माणूस तारेला हात घालतो. म्हणून आपण दोन्ही बोलू. सरकारला सांगू: परवानगी पीक उभे असताना द्या, भरपाई खऱ्या नुकसानीची द्या. आणि एकमेकांना सांगू: आपल्या गावात वीज नाही, विष नाही. हक्क मागणारा हात स्वच्छ असला पाहिजे.