पाटी कुठल्या डब्यात?

मच्छीमार नगरात उभा राहून बोलतोय. ९ ऑक्टोबर २०२५ पासून आपल्या उशाशी मेट्रो आलीय. कफ परेड ते आरे, ३३.५ किलोमीटर, तिकीट १० ते ७० रुपये. गारेगार! पण ससून डॉकवरून मासळीची पाटी घेऊन निघालेल्या माझ्या आईनं चढायचं कुठं? लोकलला मालडबा आहे, हिला नाही.

त्याच साली मे महिन्यात बेस्टचं किमान भाडं ५ चं १० केलं. बसवाल्याला दुप्पट, मोटारवाल्याला कोस्टल रोड फुकट. तिथं दुचाकीलासुद्धा बंदी.

१९५५ साली अमेरिकेत माँटगोमेरीच्या काळ्यांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला, पायी चालले. त्यांचा झगडा सीटसाठी होता. आपल्या आया तर पिढ्यान्‌पिढ्या पायीच आहेत, त्यांना कसला बहिष्कार सांगता?

उद्या मी तिकीट काढून पाटीसकट खाली उतरणार. कोण कोण येतंय?