पाहुण्यांची मुंबई



एक मेला शाळांचे निकाल लागले की आठवड्याभरात गिरणगावातल्या चाळींमध्ये पाहुणे उतरायला लागत. कोकणातल्या चाकरमान्यांचं गणित उलटं. ते स्वतःच ट्रंका बांधून गावी पळायचे. आंबे-फणस सोडून मे महिन्यात मुंबईत कोण थांबणार? पण सातारा, सांगली, कोल्हापूरकडच्या कामगारांच्या घरी मात्र मावशी, आत्या, त्यांची पोरं आणि त्यांच्याबरोबर सहज म्हणून आलेला एखादा शेजारचा मुलगा, अशी फौज दाखल व्हायची. पिशवीत गूळ, शेंगदाणे, ज्वारीचं पीठ आणि तोंडी एकच मागणी : आम्हाला मुंबई दाखवा.

कुठली मुंबई दाखवायची, हे आधीच ठरलेलं असे. राणीची बाग, गेटवे, म्हातारीचा बूट, मत्स्यालय आणि संध्याकाळी चौपाटी. ही यादी पर्यटन खात्यानं केली असं कुणाला वाटत असेल, तर मला ते पटत नाही. माझ्या मते ही यादी चाळीतल्या खोलीनं केली.

बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. गिरण्या तीन पाळ्यांत चालायच्या. रात्रपाळी करून सकाळी घरी आलेल्या माणसाला दिवसा झोप हवी आणि त्याच खोलीत स्वयंपाक, धुणंभांडी आणि वर आठ पाहुणे! रात्रीचं निभून जाई. बायका-पोरं आत, पुरुष मंडळी गॅलरीत नाहीतर गच्चीवर. दिवसाचं काय करायचं? तर पाहुण्यांना बाहेर काढायचं. सकाळी न्यायचं आणि दिवेलागणीला परत आणायचं. जागा सावलीची हवी, तिकीट परवडणारं हवं, बसनं जाता यायला हवं आणि पोळीभाजीचा डबा उघडून बसलं तरी कुणी हटकता कामा नये. या चाळणीतून ज्या जागा खाली पडल्या, त्या ‘मुंबई दर्शन’ झाल्या. व्हीटी स्टेशनला २००४ साली जागतिक वारशाचा मान मिळाला, पण पाहुण्यांच्या लेखी ते गाडीतून उतरायचं ठिकाण. दोनशे ऐंशी फुटी राजाबाई टॉवर तर बसच्या खिडकीतूनच पाहायचा. तिथं बसून खाणार कुठे?

राणीच्या बागेचा पहिला नंबर लागतो तो यामुळेच. लालबाग-परळहून हाकेच्या अंतरावर, आणि आत शिरलं की भर मे महिन्यात घाम वाळावा इतकी दाट झाडी. १८६२ साली ही बाग खुली झाली. फिरकीचा तांब्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या घेऊन सतरंजी अंथरली की निम्मा दिवस निघालाच. पोरं वाघ-हत्ती बघून यायची. थोरल्या बाया एकदा पाय पसरून बसल्या की उठायचं नाव घेत नसत.

आता बागेच्याच आवारातल्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेरचा दगडी हत्ती पाहा. पोरं त्याच्यासमोर क्षणभर थांबतात आणि खऱ्या हत्तीकडे धावतात. हा हत्ती मूळचा घारापुरीचा. बेटावर उतरताना तो पोर्तुगीजांना दिसला म्हणून त्यांनी बेटाचं नाव एलिफंटा ठेवलं. १८६४ साली इंग्रजांनी त्याला विलायतेला न्यायचा घाट घातला. उचलताना तो पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेत आले आणि १९१४ साली जोडून हत्ती पुन्हा उभा केला. म्हणजे गेटवेवरून तासभर लाँचमध्ये बसून पाहुणे ज्या बेटावर जातात, त्याला नाव देणारा हत्ती भायखळ्याला उभा आहे. अनेक वर्षं पाहुण्यांना फिरवणाऱ्यांनाही हे माहीत नसतं.

त्याचा एक शेजारीही असाच पाठवून दिलेला. फोर्टमध्ये सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा पुतळा होता. १९६५ साली तो तिथून हलवून राणीच्या बागेत आणला. पण चौकाला लोक काळा घोडाच म्हणत राहिले. अखेर २०१७ साली तिथं नवा घोडा बसवला, या वेळी स्वाराविना. बरं केलं.

गेटवेचीही अशीच गंमत. पंचम जॉर्ज १९११ च्या डिसेंबरात मुंबईत उतरला तेव्हा ही कमान नव्हतीच. बांधकाम पुरं झालं १९२४ साली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी गोऱ्यांची शेवटची पलटण याच कमानीखालून बोटीकडे गेली. हे सगळं पाहुण्यांना सांगायचं काम घरातल्या धाकट्या काकाचं. सुट्टीत रिकामा, त्यामुळे गाइडगिरी त्याच्या गळ्यात. माहिती नसली की तो बेधडक ठोकून द्यायचा, आणि गावाकडे वर्षानुवर्षं तोच इतिहास चालायचा.

मधला प्रवास म्हणजे डबल डेकर. वरच्या मजल्यावरची अगदी पुढची सीट मिळावी म्हणून पोरं कंडक्टरला न जुमानता जिना चढायची. समोर काच, झाडाच्या फांद्या थाडथाड टपावर आपटतायत, वळणावर आख्खी बस कलल्यासारखी वाटतेय. पाहुण्यांच्या पोरांना गेटवेपेक्षा हेच जास्त आठवायचं. १९३७ साली सुरू झालेल्या या लाल डबल डेकर गाड्या सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या. आता वातानुकूलित, विजेवरच्या आहेत. खिडकी उघडत नाही.

दुपारच्या काहिलीत तारापोरवाला मत्स्यालय. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर सुरू झालेलं हे अंधारं, थंड ठिकाण चौपाटीच्या अगदी जवळ, त्यामुळे बाहेर पडलं की सूर्यास्त आणि भेळ. गेली काही वर्षं ते बंदच आहे.

या सगळ्यात घरची बाई कुठे होती? घरीच. पाहुणे परत यायच्या आत पंधरा माणसांच्या भाकऱ्या थापायच्या, तेही नळाला पाणी असेल त्या वेळात धुणं उरकून. मुंबईत वीस वीस वर्षं काढलेल्या आणि गेटवे न पाहिलेल्या बायका मला माहीत आहेत. पाहुणचाराच्या आठवणी लिहिणारे बहुतेक पुरुष असतात, म्हणून त्यांत डबा येतो, डबा भरणारी येत नाही.

आता चाळीतली मंडळी डोंबिवलीला, बदलापूरला, विरारला राहतात. खोल्या वाढल्या, पाहुण्यांचा मुक्काम आटला. येतात ते सी लिंक, अटल सेतू, भुयारी मेट्रो दाखवा म्हणतात. राणीची बाग मात्र यादीत टिकून आहे, आणि त्याचं बरंचसं श्रेय २०१६ साली सोलहून आलेल्या पेंग्विनांना जातं.

यंदा तुमच्याकडे कुणी येणार असेल तर वार बघून बेत करा. घारापुरीची लेणी सोमवारी बंद, बाग बुधवारी. आणि त्या बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली, तर बाग उघडी असते आणि गुरुवारी बंद राहते.