रेडिएटर मे महिन्यासाठी असतो



आपल्या शेजारच्या नगरमधील व्हीआरडीईने बंगळुरूच्या एनएएल आणि एडीई यांच्यासोबत ‘निशांत’ या वैमानिकरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचे रोटरी इंजिन घडवले. एप्रिल २००९ मध्ये निशांत त्यावर उडाले.

विमानातल्या अशा इंजिनाला रेडिएटर केवढा लावायचा? बाईंनी शिकवले तेच सूत्र: उष्णता तापमानाच्या फरकावर वाहते. पाणी १०० अंशांवर आणि हवा २० वर, तर फरक ८०. येवल्याच्या मे महिन्यात हवा ४०, फरक ६०. रेडिएटर तोच, पण ताकद पाव हिश्श्याने कमी! त्यातच विमान चढताना इंजिन पूर्ण जोरात आणि समोरची हवा कमी. मझदाच्या रोटरीत तर सुमारे एक तृतीयांश उष्णता तेलाकडे जाते, म्हणून ऑइल कूलरचाही हिशेब आधीच करावा लागतो. उगाच मोठा घेतला, तर वजन आणि हवेचा अडथळा वाढतो.

मी सॉफ्टवेअरवाली. सरासरी दिवसाचा हिशेब धरून केलेली माझी एक प्रणाली ऐन गर्दीत बसली, तेव्हा हे नव्याने कळले. बाई, ‘हवा किती अंशांची धरलीस?’ हा तुमचा प्रश्न अजून पुरतो आहे.