हरलेल्या दावेदाराचा वाडा

या एपिसोडचा मजकूर खाली देतोय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी.

मी माळेगाव बुद्रुकचा. पुण्यात सॉफ्टवेअरची नोकरी आणि सुट्टीला गाव. गेल्या दिवाळीत घरात एकच विषय होता, जुनं घर पाडायचं का? दगडी जोतं, सागवानी तुळया, वर माळवद. पावसाळ्यात गळतं. चुलते म्हणाले, "पाडू आणि स्लॅब टाकू." जुन्या लाकडाचा एक व्यापारी दार-चौकटी बघूनही गेला. आज्जी काहीच बोलली नाही, नुसती ओसरीवर बसून राहिली.

डोकं शांत करायला गाडी काढली आणि बारामतीत बाबूजी नाईकांच्या वाड्यापाशी थांबलो. कऱ्हेकाठचा तो दगडी तट लहानपणापासून बघतोय, पण तो कुणाचा हे कधी विचारलं नव्हतं.

तर बाबूजी नाईक, मूळ आडनाव जोशी. मोठे सावकार. खुद्द पहिल्या बाजीरावांना कर्ज देणारे. नातंही होतं. बाजीरावांची बहीण भिऊबाई ही बाबूजींच्या भावाची, आबाजींची बायको. म्हणजे पेशव्यांच्या घरात पैशाचाही संबंध आणि सोयरीकही.

२८ एप्रिल १७४० ला नर्मदेकाठी रावेरखेडीला बाजीराव गेले. मागे कर्जाचा डोंगर. आता पुढचा पेशवा कोण? बाजीरावांचे चिरंजीव नानासाहेब तेव्हा अवघे १९ वर्षांचे. नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी वेगळं नाव पुढे केलं, आपल्या बारामतीच्या बाबूजी नाईकांचं! विचार करा, निर्णय फिरला असता तर पेशवाईचा इतिहास बारामतीच्या नावाने सुरू झाला असता. पण शाहू महाराजांनी वस्त्रं नानासाहेबांना दिली. बाबूजी हरले.

शाळेच्या पुस्तकात हरलेल्याला एक ओळसुद्धा मिळत नाही. पण या हरलेल्या माणसाच्या आश्रयाला एक तरुण आला, मोरोपंत रामचंद्र पराडकर. जन्म १७२९, पन्हाळ्याचा. नाईकांकडे पुराण सांगायचं आणि आर्या लिहायच्या. बहुतेक आयुष्य बारामतीतच गेलं, १७९४ ला तिथेच संपलं. आर्याभारत, केकावली लिहिणारे मोरोपंत ते हेच. बाबूजींची वसुली, बाबूजींचं राजकारण आज कुणाच्या लक्षात नाही. त्यांनी ज्याला दोन वेळचं जेवण आणि लिहायला निवांतपणा दिला, त्याचं नाव मात्र टिकलं.

आता वाड्याकडे येऊ. जिंकलेल्यांचा शनिवारवाडा १७३२ ला वास्तुशांत होऊन उभा राहिला आणि २७ फेब्रुवारी १८२८ ला लागलेल्या आगीत आतून जळाला. उरला तट, दरवाजे आणि जोती. हरलेल्याचा बारामतीचा वाडा मात्र उभा आहे. का? कुणी फार प्रेमाने जपला म्हणून नाही. पेशवाई गेल्यावर तिथे सरकारी कचेऱ्या आल्या. कचेरी आली की काय होतं आपल्याला माहीत आहे. चुना फासतात, पार्टिशन ठोकतात. पण गळलं तर पत्रा टाकतात, दार मोडलं तर बसवतात. माणसांची ये-जा असली की वाळवीला निवांत वेळ मिळत नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. पोलंडमध्ये खेडोपाडी जमीनदारांचे खांबांचे देखणे प्रासाद होते. १९४४ च्या जमीन सुधारणेत ते सरकारजमा झाले. काहींत शाळा आल्या, काहींत सरकारी शेतीची ऑफिसं. १९८९ नंतर ती सरकारी शेती बंद पडली आणि रिकामे राहिलेले कितीतरी प्रासाद ढासळले. जिथे वापर चालू राहिला, तिथे छप्पर राहिलं.

आमच्या धंद्यातही असंच असतं. वीस वर्षं जुना कोड कुणाला आवडत नाही, पण तो रोज चालतो म्हणून कुणीतरी रोज दुरुस्त करतं. बंद पडलेल्या कोडकडे कोण बघतं?

घरी आलो आणि चुलत्यांना म्हणालो, "तात्या, मागचं पाडा, तिथे स्लॅब टाका. पण ओसरी आणि पुढचे दोन खण ठेवा. माळवद दुरुस्तीचे पैसे मी देतो." तात्या म्हणाले, "आणि तिथं राहणार कोण? तू तर पुण्यात." खरं होतं. नुसते पैसे देऊन घर टिकत नाही.

आता त्या दोन खणांत चुलतबहीण संध्याकाळी पोरांची शिकवणी घेते. चपलांचा ढीग पडतो, भिंतीवर खडूच्या रेघोट्या असतात. आज्जी कुरकुरते, पण सगळ्यांना पाणी तीच देते. चौकटीचा भाव विचारायला व्यापारी परत आला होता. आज्जीनेच त्याला वाटेला लावलं.

तुमच्या गावात असा वाडा, गढी, जुनं घर असेल तर फोटो काढाच. पण एक प्रश्नही विचारा, आत सध्या कोण बसतं? कुणीच बसत नसेल तर लवकर काहीतरी करा.

भेटू पुढच्या एपिसोडला. राम राम!