उपवर पुत्र, उपवर कन्या आणि दोन वेगळी मापे
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



पन्नास वर्षांपूर्वी जोडे झिजत ते मुलीच्या बापाचे. शिरोळ, हातकणंगले, मिरज या तालुक्यांतील जैन गावांत आज ते मुलाच्या बापाचे झिजतात. पाच एकर ऊस, स्वतःची विहीर, दारात ट्रॅक्टर, मुलगा निर्व्यसनी; आणि तरीही पस्तिशी उलटून गेलेली. पंचकल्याणक पूजेला आलेल्या प्रत्येक पाहुण्याजवळ त्याची आई हळूच चौकशी करते. मात्र तीच माउली स्वतःच्या लेकीसाठी पुण्याचा नोकरदार जावई शोधत असते. जन्मभर उसाच्या सरीत राबलेल्या बाईने लेकीसाठी निराळे आयुष्य मागितले, तर तिला दोष तरी कोणत्या तोंडाने द्यावा?

या अडचणीचे मूळ पुष्कळदा मुलींच्या वाढलेल्या अपेक्षांत शोधले जाते. ते अर्धसत्य आहे. 2001 च्या जनगणनेत देशातील जैन समाजात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे मुली होत्या अवघ्या 870. त्याच वेळी कोल्हापूर जिल्ह्याचा सर्वधर्मीय आकडा 839, तर सांगलीचा 851 होता. ती बालके आज विवाहाच्या वयात आली आहेत. ज्या मुली जन्मालाच आल्या नाहीत, त्या वधू-वर मेळाव्यात कोठून येणार? मुंगीलाही धक्का लागू नये म्हणून जपणाऱ्या, पाणी गाळून पिणाऱ्या घरांतून हे घडले, याची बोचणी समाजाला अद्याप पुरेशी लागलेली नाही. 2011 मध्ये जैनांचा हा आकडा 889 झाला. सुधारणा झाली, परंतु ती तोकडीच.

दुसरे कारण मात्र अभिमानाचे आहे. 2001 मध्येच जैन स्त्रियांतील साक्षरता नव्वद टक्क्यांवर गेली होती. शिकलेली मुलगी आपल्याहून अधिक शिकलेला वर पाहते. मुलगा आपल्याहून कमी शिकलेली वधू स्वीकारतो, नव्हे, काही घरांना तीच हवी असते. त्यामुळे दोन टोके रिकामी राहतात. एकीकडे शेतकरी वा छोटा दुकानदार तरुण, दुसरीकडे उच्चशिक्षित, तिशी ओलांडलेली कन्या. चतुर्थ, पंचम, कासार, सेतवाळ अशा पोटजातींच्या भिंती उभ्याच असल्याने ही दोन टोके परस्परांना दिसतही नाहीत.

मुलींची टंचाई झाली म्हणजे स्त्रीचे पारडे जड झाले, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात ते ठरावीक वयापर्यंतच आणि प्रथम विवाहापुरतेच खरे. पत्नी वारली, तर वर्ष उलटण्याआधीच चाळिशीच्या पुरुषाकडे स्थळे सांगत नातलग येतात. पदरी दोन मुले असली तरी त्याचे अडत नाही. पतिनिधन झालेल्या तिशीतील स्त्रीला मात्र मूल कोणाकडे ठेवणार, असे विचारले जाते. घटस्फोटित पुरुषाचे ‘जमले नाही’; घटस्फोटितेची चौकशी माहेरच्या शेजाऱ्यांपर्यंत जाते. विधवांसाठी श्राविकाश्रम उभारणाऱ्या मगनबाई स्वतः तरुणपणीच विधवा झाल्या होत्या. त्यांनी अशा स्त्रियांना विद्येची वाट दाखविली. पुनर्विवाहाची वाट अनेक घरांत अजूनही उंबऱ्याशीच अडते.

आणि जिला विवाहच करावयाचा नाही, तिचे काय? भगवान ऋषभदेवांनी ब्राह्मीला लिपी आणि सुंदरीला अंकविद्या शिकविली, असे आदिपुराण सांगते. दोघी अविवाहित राहून आर्यिका झाल्या. महावीरांच्या संघात मुनींपेक्षा आर्यिकांची संख्या अधिक होती. ज्या परंपरेने अविवाहित स्त्रीला वंदनीय मानले, त्याच परंपरेतील नोकरी करणारी अविवाहित कन्या लग्नसमारंभास जाणे टाळते, कारण तेथे तिची कीव केली जाते. दीक्षा घेतली तरच मान, एरवी कीव, हा न्याय शास्त्रातला नव्हे.

विश्वस्तांपुढे दोन साध्या सूचना आहेत. वधू-वर नोंदणीच्या फॉर्ममध्ये पोटजातीचा रकाना ऐच्छिक करावा. विधुर, विधवा व घटस्फोटितांसाठी मागील पानांवर वेगळा विभाग असतो, तो बंद करून सर्वांची नोंद वयानुसार एकाच यादीत घ्यावी. पुढील मेळाव्याचे फॉर्म छापावयाचे असतील, तेव्हाच हे करता येईल.

जय जिनेंद्र.